शेजारच्या तंबूत सांगून या

मला आयुष्यात एकाच माणसाने सामानासकट गेटाबाहेर उभं केलंय, आणि ती म्हणजे गोदा भोईर. मी हे कौतुकाने सांगतोय असं समजू नका. त्या दिवशी माझं डोकं असं फिरलेलं की बायको मध्ये पडली नसती तर मी गाडी वळवून सरळ डोंबिवली गाठली असती.

माझी थोडी ओळख करून देतो, म्हणजे पुढचं कळेल. मी साईनाथ राऊळ. मानपाडा रोडवरच्या आमच्या सोसायटीचा एकोणीस वर्षं सेक्रेटरी आहे. दुपारी दोन ते चार ठोकाठोकी नाही, गॅलरीतून चादरी झटकायच्या नाहीत, चपला जिन्यात काढायच्या नाहीत, हे सगळं नोटीस बोर्डावर माझ्या अक्षरात लागलेलं आहे. लोक माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. नियम नसले की माणसं एकमेकांच्या डोक्यावर मिरी वाटायला लागतात, हे मी रोज बघतो.

तर तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात सोसायटीतली चार घरं मिळून खडवलीला तंबूत राहायला गेलेलो. स्टेशनपासून आत, भातसा नदीच्या काठाला गोदाबाईंची जमीन. पूर्वी भात पिकायचं, आता अकरा तंबू. तीन आंब्याची झाडं, आणि वरच्या अंगाला त्यांचं पत्र्याचं घर. घर आणि तंबू यांच्यामध्ये कुंपण नाही. ओटीवर बसलेला माणूस शिंकला तर पहिल्या तंबूत ऐकू जावं, इतकंच अंतर.

गोदाबाई गेटात उभ्या होत्या. साठीच्या पुढची बाई, हातात कोयता, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. त्यांनी सांगितलं की सामान इथेच ठेवा, आधी दोन्ही बाजूंच्या तंबूंत जाऊन सांगून या. काय सांगून या? तर आपण कोण, कुठले, किती माणसं, लहान मूल आहे का, कोणी आजारी आहे का. आणि त्यांचंही विचारून या. मग बॅगा आत घ्यायच्या.

मी म्हटलं, आम्ही शांततेसाठी आलोय, ओळखी वाढवायला नाही. आम्ही कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आमचा कोणाला त्रास होणार नाही, याची जबाबदारी माझी.

"तुमी शांत ऱ्हाल हो," त्या म्हणाल्या, "पन त्यानला काय ठावं? तंबूला भिंत नाय, दार नाय. रातचं कोन कन्हला तं शेजाऱ्याला कलाया नको, कोन हाय तो?"

मी अडून बसलो. त्याही अडून बसल्या. आत जाऊन नाचणीचं पीठ चाळायला लागल्या आणि आम्ही पंधरा मिनिटं उन्हात. शेवटी कलावती, म्हणजे माझी बायको, दातओठ खाऊन म्हणाली की तुमची सेक्रेटरीगिरी डोंबिवलीत ठेवा आणि चला. गेलो. शेजारच्या तंबूत ठाण्याचे एक म्हातारे नवरा-बायको होते. आजोबांची बायपास झालेली. मी आपलं नाव, गाव, माणसं, सगळं पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. आजी सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाल्या की तुमच्याकडे गाडी आहे ना, बरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सांगितलं की रात्री छान झोप लागली. मला तेव्हा माझीच लाज वाटली, पण मी गोदाबाईंना ते बोलून दाखवलं नाही.

त्यानंतर मात्र आम्ही वर्षातून दोनदा जायला लागलो. बाई कशी काम करते ते मला बघायचं असायचं. ब्लूटूथचे स्पीकर दिसले की काढून घ्यायच्या आणि घरातल्या भाताच्या कणगीत पुरून ठेवायच्या, जाताना झटकून परत. कोणी कितीही गयावया करो. तंबूच्या दोऱ्यांना जुन्या लुगड्यांच्या पांढऱ्या चिंध्या बांधलेल्या, कोणाचं पोर अडखळून तोंडावर पडू नये म्हणून. सकाळी नदीच्या खालच्या वळणावर पुरुषांनी जायचं नाही, तिथे बायका अंघोळीला असतात. मांसमच्छी करणाऱ्यांनी शेजारच्या तंबूत विचारायचं, वाऱ्याचा रोख बघायचा. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मी एकदा म्हटलं की पाटी रंगवून देतो, छान अक्षरात. तर म्हणाल्या, पाटी वाचून मानूस पाटीचा ऐकतो, मानसाचा नाय. घरी येऊन आमच्या बोर्डावरच्या दोन नोटिसा काढल्या, हे मात्र कोणाला सांगू नका.

त्यांचे यजमान राघोदादा. तंबू ठोकणं, दोऱ्या ताणणं हे त्यांचं. बोलायचे कमी. ज्याच्या तंबूचा खुंटा ठोकतील त्याला विचारणार, "उतार कुठं हाय बगा, डोकं कुठं कराचा?" आणि झोपायची दिशा ठरवून देऊनच पुढे जाणार. मागच्या पावसाळ्यात त्यांना झटका आला, डावी बाजू गेली. तेव्हापासून ओटीवर खाट, तोंड तंबूंकडे. दर्शना, त्यांची मुलगी, ती सांगायची की तंबू रिकामे असले की बाबा जेवत नाहीत. शनिवारी गाड्या यायला लागल्या की उजव्या हाताने खाटेवर ठोकून बोलवतात, उठवून बसवा म्हणून.

या जानेवारीत सव्वीस तारखेला जोडून सुट्टी आलेली. आम्ही चौदा माणसं, आणि अकराच्या अकरा तंबू भरलेले. ठाण्याची इंजिनियरिंगची मुलं होती, त्यांच्याशी माझं आदल्या दिवशी क्रिकेटवरून वाजलेलं. एका तंबूत पाच वर्षांच्या मुलीचा वाढदिवस, फुगे लावलेले. आमच्या डाव्या हाताला संचिता नावाची कल्याणची मुलगी, नवरा आणि दीड वर्षाची पोर. ती पोर आजारातून उठलेली, गाईचं दूध पचत नाही, डब्यातलं दूध गरम पाण्यात कालवून द्यावं लागतं, हे तिने आल्या आल्या आम्हाला येऊन सांगितलेलं. नियमाप्रमाणे.

रविवारी पहाटे राघोदादा गेले. पावणेसहाच्या सुमारास. मला ते साडेआठला कळलं. मधल्या वेळात मी काय केलं ते सांगायला हवं.

रोज सहाला यायचा तो चहा सात वाजले तरी नाही. सव्वासातला दर्शना आली, हातात स्टेशनच्या टपरीवरची किटली आणि कागदी कप. चहा म्हणजे साखरेचा पाक. मी म्हटलं, हे काय? गवती चहा कुठे गेला? तुझ्या आईला सांग, सगळे तंबू भरले की हात असा आखडता घेऊ नये. ती हो काका म्हणाली, खाली बघून पुढच्या तंबूत गेली. आठला नाश्ता नाही. मी तरातरा घराकडे निघालो. कलावती म्हणाली, जाऊ दे ना. पण मी कुठला ऐकतोय.

ओटीवरची खाट उभी करून ठेवलेली. आत अंधारं होतं. जमिनीवर गवताच्या पेंढ्या पसरून त्यावर राघोदादांना निजवलेलं, उशाशी दिवा. भोवती दहा-बारा बायका. प्रत्येकीने पदराचा बोळा तोंडात धरलेला. खांदे हलत होते, आवाज कोणाचाच नाही. मी यांच्या गावातली मयतं पाहिलेली आहेत. बायका गेलेल्या माणसाचं नाव घेऊन, त्याचे गुण सांगून असा हंबरडा फोडतात की अर्ध्या कोसावर कळतं घर कुठलं. तो त्या माणसाचा मान असतो. आणि इथे चिडीचूप.

गोदाबाई उठून बाहेर आल्या. मला मागच्या पडवीत नेलं. चहाबद्दल त्यांनीच माफी मागितली. मयत घरात असताना चूल पेटत नाही, शेजारपाजारच्यांचीही नाही, म्हणून टपरीवरून आणवला. नयन, त्यांचा मुलगा, उरणहून निघालाय, अकराला उचलायचं. स्मशान नदीवर, तंबूंच्या पलीकडेच, सरळ वाट आवारातून जाते. पण मागच्या बांधाने नेणार. लांब पडेल, चिखल आहे, पण तंबूतल्यांना दिसणार नाही.

मी विचारलं, आवारातून का नाही?

"पोरीचा वारदिवस हाय तिथं. सुटीला आलेली मानसं. त्यांनी काय आमची मयत बगावी?" मग म्हणाल्या, "बायकांना सांगितलाय मी, आवाज नको. तंबूवाले ऐकतील. तुमी कुनाला बोलू नका, सेक्रेटरी. माजी आन हाय."

सांगतो तुम्हाला, इतकं वाईट मला माझ्या वडिलांच्या वेळी वाटलं नव्हतं. चाळीस वर्षांचा संसार, आणि ही बाई आपल्या नवऱ्यासाठी आपल्याच घरात मोठ्याने रडू शकत नव्हती. का, तर तीस पावलांवर आम्ही उतरलेलो. आणि मी, मी चहात साखर जास्त झाली म्हणून तिच्या दारात आलेलो. ज्या माणसाने तंबूंकडे तोंड करून सहा महिने काढले, तो मागच्या बांधाने, चिखलातून, चोरासारखा जाणार होता.

मी परत येऊन आमच्या तंबूबाहेर दगडावर बसलो. शपथ घातलेली होती. एकीकडे वाटलं, तिचं दुःख, तिचं घर, तिने ठरवायचं. नाक खुपसायचं नाही, हेच तर मी जन्मभर लोकांना शिकवलं. पण मग आम्ही इथे कोण? सामान उघडायच्या आधी नाव-गाव सांगायला लावून तिने आम्हाला शेजारी केलेलं. मयत शेजारी आहे आणि शेजाऱ्याला ठाऊक नाही, हे कसं चालेल? मी कलावतीला सांगितलं. शपथ तिथेच मोडली. तिने तंबूपुढच्या चुलीवर नाश्त्यासाठी चढवलेली कढई उतरवली.

मी उठलो आणि एकेका तंबूत गेलो. पहिल्यांदाच कोणी न सांगता. वाकून आत बघायचं, नमस्कार करायचा, आणि सांगायचं की वरच्या घरातले राघोदादा पहाटे वारले, अकराला नेणार आहेत, या लोकांत तोवर शेजारी चूल पेटवत नाहीत. कोणी वाद घातला नाही. वाढदिवसवाल्यांनी आपणहून फुगे उतरवले. इंजिनियरिंगची मुलं, ज्यांना मी आदल्या दिवशी नको ते बोललेलो, ती पटापट शर्ट घालून घराकडे गेली आणि तिरडीला हात लावायला लागली.

पण माझा स्वभाव जातोय कुठे? सांगून थांबलो असतो तर पुरे होतं. मी बादली घेतली. प्रत्येक तंबूपुढे तीन दगडांची चूल, आणि मी स्वतः प्रत्येक चुलीत पाणी ओतत गेलो. पूर्ण विझायला हवी, धूरही नको. रीत म्हणजे रीत. संचिताच्या चुलीवर पातेलीत पाणी तापत होतं. ती काहीतरी बोलणार होती. मी पातेली उचलून बाजूला ठेवली, बादली उपडी केली. फस्सकन आवाज झाला आणि राख वर उडाली. तिने माझ्याकडे बघितलं, मग घराकडे बघितलं. पोर तिच्या कडेवर अंगठा चोखत होती.

मग मी घराकडे गेलो आणि दर्शनाला सांगितलं की सगळ्या तंबूंना ठाऊक आहे, सगळ्या चुली विझल्यात, आवारातूनच न्या. आणि रडा. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा धीर सुटला. तिच्या पाठोपाठ आत बसलेल्या सगळ्यांचा. तीन तास कोंडलेलं ते रडणं पत्र्याखालून असं बाहेर आलं की आवारातली माणसं जागच्या जागी उभी राहिली. नाव घेऊन, गुण सांगून. खुंटे ठोकायचास, आता आमचा खुंटा कोण ठोकील, असं काहीतरी ती एक म्हातारी म्हणत होती. गोदाबाई मात्र रडल्या नाहीत. मला वाटलं, मी शपथ मोडली म्हणून रागावल्या असतील.

अकराला नयन आला. तिरडी आवारात आली. स्मशानासाठी आंब्याची वाळकी लाकडं गावकऱ्यांनी घराच्या बाजूला रचून ठेवलेली, घराघरातून एकेक मोळी आलेली. ती न्यायला टेम्पो लागलेला. आम्ही पन्नास-साठ तंबूवाले दोन्ही बाजूंना हात जोडून उभे. मला, खरं सांगतो, जरा बरं वाटत होतं. आपण काहीतरी नीट केलं असं. बायका आवाराच्या टोकापर्यंत येतात, पुढे नाही. गोदाबाई तिरडीमागून चालत होत्या, दर्शनाच्या आधाराने.

संचिताच्या तंबूपाशी पोर रडत होती. किरकिर नव्हे, भुकेचं रडणं, आवाज बसलेला. संचिता तिला पाठीवर थोपटत, मान खाली घालून, जणू तिचाच गुन्हा आहे अशी उभी होती. गोदाबाई थांबल्या. त्यांनी त्या पोरीकडे बघितलं. ओली राख बघितली, पुढच्या चुलीतली बघितली, त्याच्या पुढच्या चुलीतली. मग माझ्याकडे वळल्या.

"पोरांनी काय खाल्लं?"

त्या आवारात एकोणीस लहान मुलं होती. मी एकाचंही विचारलं नव्हतं. कोणाकडे बिस्किटं होती, कोणी वेफर्स दिलेले, पण या पोरीला गरम पाणी लागतं हे मला शुक्रवारपासून ठाऊक होतं. तिच्या आईने येऊन सांगितलेलं. मी ऐकलेलं आणि तरी पाणी ओतलेलं.

गोदाबाई मागे फिरल्या. तिरडी खांद्यावर, माणसं थांबलेली, आणि ही बाई घराच्या बाजूला गेली आणि रचलेल्या लाकडांतून वाळक्या काटक्यांची एक मोळी ओढायला लागली. त्यांच्या गावचे आबा म्हातारे पुढे झाले. म्हणाले, गोदे, ती सरनाची हायत, मोडू नको. रीत नाय ती.

"त्याला पुरतील," गोदाबाई म्हणाल्या. "त्याला आता घाई नाय."

मोळी त्यांनी स्वतः आणून संचिताच्या चुलीपाशी टाकली. ओली राख हाताने उपसली, चुलीत काटक्या रचल्या आणि माझ्यापुढे काडेपेटी धरली. मी ती घेतली. दोन काड्या मोडल्या, तिसरी लागली. वाळकं लाकूड, लगेच पेटलं. संचिताने पातेली चढवली. खांदेकरी तसेच उभे, आबासुद्धा, कोणी हललं नाही. एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत त्यांनी राघोदादांना तेवढा वेळ तोलून धरलं.

पाणी तापलं. संचिताने दूध कालवलं, मनगटावर थेंब टाकून बघितला, बाटली पोरीच्या तोंडात दिली. ती दोन्ही हातांनी बाटली धरून ओढायला लागली. रडणं थांबलं.

गोदाबाईंनी ते सगळं बघितलं. मग नयनला मानेने खूण केली, आणि तिरडी नदीकडे निघाली. ती आंब्याच्या झाडांपलीकडे गेली तेव्हा गोदाबाई त्या चुलीपाशी खाली बसल्या, राखेने भरलेले हात कपाळाला लावले, आणि राघोदादांचं नाव घेऊन हंबरडा फोडला. नदीच्या पलीकडे ऐकू गेला असेल. संचिता दूध पिणाऱ्या पोरीला घेऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. कलावती बसली. मग एकेका तंबूतल्या बायका येऊन बसल्या.

मी बादली उचलली आणि राहिलेल्या चुलींतली ओली राख काढायला गेलो.